शेजाऱ्यासोबत कुंपण बदलताना खर्चाची वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोघांच्या मधलं कुंपण बदलायचं ठरलं की बहुतेक जण थेट पैशांवर येतात: तुमचे किती, आमचे किती? माझा आग्रह वेगळ्या क्रमाचा आहे. आधी हद्द ठरू द्या, मग कुंपण कसलं घालायचं ते ठरू द्या आणि पैशांचं बोलणं शेवटी करा. खालचे प्रश्न लोक सतत विचारत असतात आणि त्यांतले बरेचसे हा क्रम उलटा झाल्यामुळेच उभे राहिलेले असतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सामाईक कुंपण म्हणजे नेमकं कोणतं? दोन घरांमधलं प्रत्येक कुंपण सामाईकच असतं का?

नाही. कुंपण हद्दीच्या रेषेवर उभं असेल किंवा दोघांनी मिळून घातलेलं असेल, तर ते सामाईक. शेजाऱ्याने स्वतःच्या जागेत, रेषेपासून हातभर आत, स्वतःच्या पैशाने घातलेलं कुंपण त्याचं एकट्याचं. ते पडकं दिसतंय म्हणून तुम्ही त्याला हात लावू शकत नाही आणि त्यालाही तुमच्याकडे पैसे मागता येत नाहीत.

खांब ज्याच्या बाजूला, कुंपण त्याचं, असा समज सर्रास आढळतो. इंग्लंडमध्ये तर घराच्या डाव्या बाजूचं कुंपण आपलं, असंही पुष्कळ लोक मानतात. कायद्यात त्याला आधार नाही. मालकी ठरते ती खरेदीखत, मंजूर नकाशा आणि आधीच्या मालकांमध्ये काही लेखी ठरलं असेल तर त्यावरून. हे कागद बाहेर काढल्याशिवाय शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका.

२. खर्च निम्मा-निम्माच करायचा असतो का?

कुंपणाचा उपयोग दोघांना सारखा होत असेल तर हो. सुरुवात इथूनच करावी, कारण निम्मा-निम्मा समजायला सोपं आहे आणि त्यात कुणाला लहानपणा वाटत नाही. पण तो पायंडा आहे, प्रत्येक ठिकाणी बसेलच असा नाही. एकाला जास्त भारी कुंपण हवं असेल (प्रश्न ८), नुकसान एकाच्याच हातून झालं असेल (प्रश्न १६) किंवा कुंपण एकाच्याच गरजेचं असेल (प्रश्न ९), तर वाटणी बदलते.

प्लॉट मोठा म्हणून वाटा मोठा, हा युक्तिवाद मला पटत नाही. मधली रेषा दोघांची एकच असते, तिची लांबीही तीच. मागे तुमची जागा किती पसरली आहे याचा या कुंपणाशी संबंध नाही.

३. शेजारी तयारच नसेल तर कायद्याने त्याला पैसे द्यायला लावता येतात का?

तुम्ही कुठे राहता यावर ते अवलंबून आहे आणि देशोदेशी फरक मोठा आहे. न्यूझीलंडमध्ये १९७८ चा कुंपण कायदा आहे. दोन जागांमध्ये पुरेसं कुंपण नसेल तर दोन्हीकडच्यांनी सारखा वाटा उचलायचा, आणि नोटीस मिळाल्यावर आक्षेप घ्यायला २१ दिवस मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९९१ चा कायदा लागू आहे. तिथे नोटीस दिल्यावर महिनाभरात एकमत झालं नाही तर न्यायाधिकरणाकडे किंवा स्थानिक न्यायालयात दाद मागता येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये २०१४ पासून असं गृहीत धरलं जातं, की हद्दीवरच्या कुंपणाचा फायदा दोघांना सारखाच होतो. मात्र काम सुरू करण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. खर्चाचा बोजा आपल्याला होणाऱ्या फायद्याच्या मानाने फार जास्त आहे किंवा तो आपल्याला झेपणारा नाही, असं शेजाऱ्याने दाखवून दिलं तर त्याचा वाटा कमी होऊ शकतो.

इंग्लंडमध्ये परिस्थिती उलट आहे. जागेच्या कागदपत्रांत तशी अट नसेल तर कुंपण घालण्याचं सर्वसाधारण बंधनच नाही. भारतात कुंपणाच्या खर्चाची वाटणी ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे दोघांनी लिहून ठेवलेला करार हाच मुख्य आधार.

पण कायदा तुमच्या बाजूने असला तरी तो शेवटी काढायचा कागद आहे. शेजारी त्यानंतरही शेजारीच राहणार असतो.

४. शेजाऱ्याकडे विषय काढायचा कसा? तोंडी बोलावं की पत्र द्यावं?

आधी तोंडी बोला, मग लगेच लेखी द्या. नुसतं पत्र पाठवलं तर समोरच्याला ती नोटीस वाटते. नुसतं बोललात तर दोन महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

बोलायला जाताना कोटेशन हातात घेऊन जाऊ नका. लोक नेमकं हेच करतात आणि तिथेच बिनसतं. कोटेशन पाहिल्यावर समोरच्याला वाटतं, यांचं सगळं ठरलेलं आहे आणि आता फक्त माझ्याकडून पैसे हवे आहेत. त्याऐवजी त्याला कुंपणापाशी बोलवा, कललेले खांब दाखवा आणि विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं, याचं काय करावं?’ हा प्रश्न मनापासून विचारा. कदाचित त्याच्या बाजूने दिसणारं काही तुम्हाला माहीतच नसेल.

त्यानंतरचं पत्र किंवा मेसेज साधारण असा असावा:

‘काल आपण मागच्या बाजूचं कुंपण एकत्र पाहिलं. कोपऱ्यापासूनचे पाच खांब तळाशी गंजले आहेत आणि जाळी सुटली आहे, फोटो सोबत आहेत. आहे त्याच रेषेवर, आहे त्याच उंचीची जाळी नव्या खांबांसह बसवावी असं आपलं बोलणं झालं. दोघांनी एकेक कोटेशन आणावं आणि येत्या महिनाअखेर एकत्र बसून ठरवावं. खर्च निम्मा-निम्मा करावा असं मी सुचवतो. यात काही बदल हवा असेल तर कळवावं.’

यात काय बिघडलं, काय करायचं, कुठे करायचं, कधी ठरवायचं आणि वाटणी काय, सगळं आलं. शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे समोरच्याला बोलायला वाट राहते.

५. कुंपण खरंच बदलायला हवं की दुरुस्तीवर भागेल? शेजारी म्हणतो, अजून दहा वर्षं टिकेल.

हा वाद खांबांपाशी जाऊन मिटवा. जाळी फाटणं, पट्ट्या सुटणं, रंग उडणं हे दिसायला वाईट असलं तरी दुरुस्त होतं. कुंपणाचं आयुष्य ठरवतात ते खांब.

खांब छातीच्या उंचीला धरून हलवा. वरचा भाग नुसता लवचीकपणे हलला तर काळजी नाही. पण सगळा खांब जमिनीच्या पातळीवर बिजागरीसारखा डुलत असेल तर तो गेला. लाकडी खांब बहुधा तिथेच कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे एकत्र मिळतात. खोल मातीत हवा कमी आणि वरच्या भागात ओल टिकत नाही. पायथ्याची माती बोटभर उकरा आणि लाकडात स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत शिरला तर आत भुसा झालेला आहे. लोखंडी अँगल काँक्रीटमधून जिथे बाहेर येतो तिथे पाणी साचतं आणि गंज धरतो. तिथला पापुद्रा काढून खाली किती लोखंड उरलंय ते पाहा. सिमेंटच्या खांबाला उभ्या चिरा पडल्या असतील आणि चिरेतून तांबूस ओघळ येत असेल, तर आतली सळई गंजून फुगायला लागली आहे.

हे प्रत्येक खांबाशी करा, शेजाऱ्याला सोबत घेऊनच, आणि खराब खांबांवर खडूने फुली मारा. मोजके खांब गेले असतील तर तेवढेच बदला. फुल्या सगळीकडे दिसायला लागल्या तर दुरुस्तीत घातलेले पैसे वाया जातील, आणि ते शेजाऱ्याला सांगावंही लागणार नाही.

६. हद्द नक्की कुठे आहे हेच माहीत नाही. जुनं कुंपण होतं तिथेच नवं घातलं तर काय बिघडतं?

दोघांनाही त्या रेषेबद्दल शंका नसेल आणि कागदांशी ती ढोबळमानाने जुळत असेल, तर सहसा काही बिघडत नाही. पण एकाच्या जरी मनात शंका असेल, तरी जुनं कुंपण उपटण्याआधी मोजणी करून घ्या. एकदा जुने खांब निघाले की त्या जागेची खूणच पुसली जाते आणि मग कुणीही काहीही म्हणू शकतो. म्हणून जुनं काढण्याआधी दोन्ही टोकांपासून आणि एखाद्या पक्क्या बांधकामाच्या कोपऱ्यापासून अंतरं मोजून, फोटो काढून ठेवा.

चुकीच्या जागी बरीच वर्षं उभं राहिलेलं कुंपण पुढे मालकीचाच वाद होऊन बसतं. भारतात १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मालकीच्या आधारे जागेचा ताबा परत मागण्याची मुदत १२ वर्षं आहे. इतर देशांतले आकडे वेगळे, तत्त्व बहुतेक ठिकाणी तेच. नव्या कुंपणासाठी दोघं एकत्र आला आहात, तर तेव्हाच ही शंका संपवून टाका.

फोनवरच्या नकाशातली रेषा किंवा उपग्रहाचं चित्र पाहून हद्द ठरवू नका. त्यातली चूक कुंपणाच्या जाडीच्या कितीतरी पट असू शकते. महाराष्ट्रात अधिकृत मोजणी भूमी अभिलेख विभाग करून देतो.

७. मोजणीचा खर्च कुणी द्यायचा?

दोघांनाही शंका असेल तर दोघांनी. एकालाच शंका असेल तर त्याने आधी द्यावा, आणि रेषा खरोखर चुकलेली निघाली तर निम्मा परत मिळावा, असं मोजणीआधी ठरवून घ्यावं. निकाल हातात आल्यावर हे ठरवायला गेलात तर हरलेला माणूस मोजणीलाच खोटं म्हणतो. मोजणीच्या वेळी दोघांनी हजर राहायचं आणि खुणा गाडताना दोघांनी पाहायच्या.

८. मला भिंत हवी आहे, शेजारी म्हणतो जाळी पुरे. मग वाटणी कशी?

या परिस्थितीत चालणारं तत्त्व एकच आहे: दोघांच्या गरजेला पुरेल एवढ्या कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा, त्यावरचा सगळा खर्च ज्याला जास्त हवं त्याचा. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यातही हेच लिहिलेलं आहे.

समजा साध्या जाळीच्या कुंपणाचा खर्च १०० धरला आणि भिंतीचा २६०. जाळीतला शेजाऱ्याचा वाटा ५०, तेवढेच तो देईल. उरलेले २१० तुमचे. भिंतीचे निम्मे, म्हणजे १३०, त्याच्याकडे मागणं रास्त नाही, कारण त्याने भिंत मागितलेली नाही. यासाठी जाळीचं कोटेशनही खरोखर घ्यावं लागतं. अंदाजे आकडा धरला की तो आपल्या सोयीचा होतो.

जास्त पैसे दिले म्हणून भिंतीवर तुमचा जास्त हक्क येतो का, हे लोक पुढे विचारतात. भिंत रेषेवर असेल तर ती सामाईकच, आणि देखभालीचं काय ते वेगळं लिहून ठेवायला हवं. पूर्ण ताबा हवा असेल तर पायासकट ती आपल्या हद्दीत बांधा आणि पूर्ण खर्च आपण करा. उंच भिंतीला बहुतेक ठिकाणी स्थानिक परवानगी लागते. इंग्लंडमध्ये २ मीटरपेक्षा उंच कुंपणाला आणि वाहनांच्या रस्त्यालगत १ मीटरपेक्षा उंच कुंपणाला परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडची मर्यादा कोटेशन मागवण्याआधी विचारून घ्या.

९. कुत्रा त्यांचा, कुंपणाची गरज त्यांना. मी का पैसे द्यावेत?

कुत्रा, जनावरं, पोहण्याचा तलाव, यंत्रांचा आवाज अशा एकाच्याच कारणामुळे कुंपण जास्त उंच, जास्त दाट किंवा जास्त मजबूत करावं लागत असेल, तर तो जास्तीचा भाग त्याचा. हिशेब प्रश्न ८ सारखाच. पण त्यांना कुत्रा नसता तरी तिथे काहीतरी कुंपण लागलंच असतं, हे विसरू नका. तेवढ्यापुरता तुमचा निम्मा वाटा राहतो.

१०. वाटून घ्यायच्या खर्चात नेमकं काय काय धरायचं?

जुनं कुंपण काढणं आणि त्याचा राडारोडा वाहून नेणं, रेषेवरची झुडपं साफ करणं, खड्डे, काँक्रीट, खांब, जाळी किंवा फळ्या, तारा, मजुरी, लागत असेल तर परवानगीचं शुल्क, आणि काम चालू असताना तात्पुरता आडोसा लागला तर तोही. जुन्या लोखंडाच्या भंगाराचे पैसे खर्चातून वजा करायला लोक विसरतात. रक्कम छोटी असते, पण ती एकाच्याच खिशात गेली की दुसऱ्याच्या लक्षात राहते.

धरायचं नाही ते असं: तुमच्या बागेतली रोपं हलवणं, तुमचं फाटक, कुंपणाला टेकवलेली तुमची शेड काढणं. फाटकं दोन असतील तर ज्याचं त्याने करावं.

११. दोन कोटेशनांत एवढा फरक का येतो? कमीवालं घेतलं तर चालेल का?

दोघं एकाच कामाचं कोटेशन देत नसतात, हे बहुतेक वेळा कारण असतं. तीन गोष्टी विचारा.

पहिली, खांब किती खोल जाणार. खांबाच्या एकूण लांबीचा पाव ते एक तृतीयांश भाग जमिनीत, हा रूढ अंदाज आहे. जमिनीवर १.८ मीटर कुंपण हवं असेल तर निदान ६० सेंटिमीटर खाली जायला हवं. भुसभुशीत मातीत किंवा वाऱ्याच्या जागेत आणखी खोल. हिवाळ्यात जमीन गोठते अशा ठिकाणी गोठणाऱ्या थराच्या खाली पाया न्यावा लागतो, नाहीतर माती फुगून खांब वर ढकलते. वरवरच्या खड्ड्यात बसवलेलं कुंपण पहिल्या दिवशी अगदी तसंच दिसतं, म्हणून काँक्रीट ओतण्याआधी खड्डे स्वतः मोजा. शेजाऱ्यालाही मोजू द्या.

दुसरी, दोन खांबांतलं अंतर. साधारण अडीच मीटर नेहमीचं. अंतर वाढवलं की खांब कमी लागतात आणि कोटेशन उतरतं. बंद फळ्यांच्या किंवा पत्र्याच्या कुंपणाला हे परवडत नाही, कारण वारा त्यातून आरपार जात नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. जाळीला हा त्रास पुष्कळ कमी.

तिसरी, लांबी कशी मोजली. जागा उताराची असेल आणि जाळी उतारासोबत खाली जाणार असेल, तर नकाशातली लांबी कमी पडते. पाच मीटरला एक मीटर चढ असेल तर नकाशावरच्या ५० मीटरला प्रत्यक्षात सुमारे ५१ मीटर जाळी लागते.

ही तिन्ही उत्तरं सारखी असूनही एक कोटेशन स्वस्त असेल तर खुशाल घ्या.

१२. त्यांची जागा माझ्यापेक्षा उंच आहे. मधली माती अडवणारी भिंतही कुंपणातच धरायची का?

नाही, हे दोन वेगळे हिशेब आहेत. माती अडवणारी भिंत बांधकाम आहे, तिच्यावर मातीचा आणि पावसात पाण्याचाही दाब असतो. तिच्यात पाणी निघायला भोकं लागतात आणि ती अभियंत्याला दाखवूनच करावी. तिचा खर्च सहसा ज्याने जमिनीची पातळी बदलली त्याच्याकडे जातो: भराव टाकून उंच केली असेल तर त्याच्याकडे, खोदून सखल केली असेल तर खोदणाऱ्याकडे. मूळचाच चढउतार असेल तर वाटणी बसून ठरवावी लागते. त्या भिंतीच्या वरचं कुंपण मात्र नेहमीसारखं निम्मं-निम्मं.

१३. शेजारी म्हणतो, पटतंय, पण आत्ता पैसे नाहीत.

त्यावर विश्वास ठेवा आणि त्याची लाज वाटणार नाही असा मार्ग काढा. सगळ्यात खराब भाग आत्ता आणि बाकीचा पुढच्या वर्षी, असं टप्प्याटप्प्याने करता येतं. तुम्ही आधी पूर्ण खर्च करून त्याने ठरलेल्या हप्त्यांत परत करणं हाही मार्ग आहे, पण तारखा आणि रकमा लिहून दोघांच्या सह्या हव्यात. त्याने जुनं कुंपण काढणं, झुडपं तोडणं, खड्डे खणणं अशी कामं अंगावर घेतली तर कोटेशनमधली त्या कामाची मजुरी त्याच्या वाट्यात धरा. ही तडजोड मला सगळ्यांत आवडते, कारण त्यात कुणी कुणाचा देणेकरी होत नाही.

१४. मी घाई करून कुंपण घालून टाकलं. आता शेजाऱ्याकडे निम्मे मागू शकतो का?

मागू शकता, मिळतील याची खात्री नाही. जिथे खास कायदे आहेत तिथेही आधी सूचना आणि मग काम, असाच क्रम असतो. तो मोडला की हक्काची बाजू लंगडी पडते. वादळात कुंपण कोसळलं, जनावरं किंवा लहान मुलं बाहेर जाण्याचा धोका होता, अशी खरी निकड असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही मोडक्या कुंपणाचे फोटो आणि त्याच दिवशी शेजाऱ्याला पाठवलेला मेसेज जवळ असू द्या. निकड नसताना केलं असेल तर मान तुकवून बिलं दाखवा आणि तो जे देईल ते घ्या. त्याला विचारलं नव्हतं, हे त्याच्या जागी उभं राहून पाहा.

१५. शेजारच्या घरात भाडेकरू राहतात, मालक परगावी. बोलायचं कुणाशी?

पैशांचं मालकाशीच. भाडेकरूला निम्मे मागणं चुकीचं, कारण कुंपण वर्षानुवर्षं राहणार आणि तो कदाचित पुढच्या वर्षी नसेल. तरी काम कधी होणार, कुणाच्या अंगणात कोण शिरणार हे भाडेकरूला आधी सांगायलाच हवं, कारण तिथे तो राहतो. मालकाचा पत्ता मिळत नसेल तर जागेच्या सरकारी नोंदींतून नाव काढा आणि पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवा. उत्तर आलं नाही तर कायद्याची बाजू प्रश्न ३ मध्ये आहे. तिथे काही हाती लागत नसेल तर आपल्या हद्दीत, आपल्या खर्चाने कुंपण घालणं सगळ्यांत शांत मार्ग.

१६. त्यांच्या गाडीने कुंपण पाडलं, पण ते म्हणतात, ‘तसंही जुनंच होतं, निम्मं-निम्मं करू.’

त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पूर्ण नाही. ज्याच्या हातून नुकसान झालं त्याने भरून द्यावं, हे मूळ. पण कुंपणाचं आयुष्य निम्मं संपलं असेल आणि आता कोरं नवं मिळणार असेल, तर तुमचाही काही फायदा होतोच.

मी हिशेब असा करतो. नव्याचा खर्च १०० धरा. जुन्याचं निम्मं आयुष्य शिल्लक होतं, ते त्यांनी संपवलं, म्हणून ५० सरळ त्यांचे. उरलेले ५० कधीतरी दोघांनाच खर्चायचे होते, म्हणून २५-२५. एकूण त्यांचे ७५, तुमचे २५. कुंपण अगदी नवं असेल तर सगळे १०० त्यांचे. आजउद्या पडणारच होतं, तर निम्मं-निम्मं ठीक. गाडीचा किंवा घराचा विमा असेल तर आधी तिकडे विचारा आणि पाहणी होईपर्यंत मोडतोड हलवू नका.

झाड पडून कुंपण मोडलं तर प्रश्न थोडा बदलतो. निरोगी झाड वादळात उन्मळलं तर झाडाच्या मालकाची चूक म्हणता येत नाही. झाड वाळलेलं किंवा पोकळ होतं आणि तुम्ही त्याला तसं लेखी कळवलंही होतं, तर जबाबदारी त्याच्याकडे झुकते.

१७. हद्दीवरच एक मोठं झाड उभं आहे. ते तोडावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. झाडाच्या अलीकडे एक खांब, पलीकडे एक खांब आणि मध्ये मोकळी जागा सोडून बुंध्याभोवती वाढायला वाव ठेवता येतो. खोडाला तार गुंडाळू नका, खिळे ठोकू नका. काही वर्षांत साल तारेवर चढते आणि झाडाची ती बाजू कमकुवत होते. खांबाचा खड्डा मोठ्या मुळावर आला तर मूळ तोडण्यापेक्षा खांब थोडा सरकवा. बुंधा रेषेवर असेल तर दुसऱ्याच्या संमतीशिवाय तोडू नये, आणि पुष्कळ ठिकाणी झाड तोडायला वेगळी परवानगी लागते.

१८. कुंपणाची चांगली बाजू कुणाकडे ठेवायची?

ज्याच्या बाजूने जास्त पाहिलं जातं त्याच्याकडे. खर्च सारखा असेल तर दोन्हीकडून सारखं दिसणारं कुंपण घ्या, वाद उरत नाही. एकाने जास्त खर्च केला असेल तर त्याने निवडावं.

१९. माझी मागची बाजू तीन घरांना लागून आहे. एकूण खर्चाचे चार भाग करायचे का?

नको. प्रत्येक शेजाऱ्याशी वेगळा हिशेब करा: त्याच्यासोबतची लांबी किती, त्याचा निम्मा. रेषा ३० मीटरची असेल आणि एकाशी १५, दुसऱ्याशी १०, तिसऱ्याशी ५ मीटर लागून असेल, तर त्यांचे वाटे अनुक्रमे साडेसात, पाच आणि अडीच मीटरच्या खर्चाएवढे. तुमच्या वाट्याला १५ मीटर येतील. दोन घरांच्या सांध्यावरचा खांब तिघांचा. एकच कंत्राटदार लावलात तर दर उतरतो, पण एकजण अडून बसला म्हणून बाकीच्यांचं काम थांबवू नका.

२०. एका बाजूला रस्ता आहे किंवा सार्वजनिक बाग आहे. सरकार निम्मे देतं का?

सहसा नाही. न्यू साउथ वेल्ससारख्या ठिकाणी कायद्यानेच सरकारी जमीन आणि सार्वजनिक बागा या वाटणीतून वगळल्या आहेत. त्या बाजूचा खर्च स्वतःचा धरून चाला.

२१. आमचं दहा वर्षांपूर्वी तोंडी ठरलं होतं. आता शेजारचं घर विकलं गेलं. नवा मालक बांधील आहे का?

तोंडी शब्द त्या दोन माणसांमधला होता. नव्या मालकाने तो दिलेला नाही, आणि लेखी करारही पुढच्या मालकाला आपोआप लागू होतोच असं नाही. त्यासाठी तो जागेच्या कागदांशी जोडलेला असावा लागतो, आणि ते कसं करायचं हे स्थानिक वकिलाला विचारावं. नवा मालक राहायला आल्यावर जुना करार समोर टाकण्यापेक्षा त्याच्याशी नव्याने बोला, प्रश्न ४ मध्ये सांगितलंय तसं.

उलट तुम्हीच घर विकणार असाल आणि कुंपणाचे हप्ते बाकी असतील, तर विक्रीच्या आधी ते मिटवा किंवा खरेदीदाराला लेखी सांगा.

२२. काम अर्धं झालं आणि लक्षात आलं, की खांब माझ्या हद्दीत वीतभर आत आले आहेत. आता काय?

काम त्याच दिवशी थांबवा. काँक्रीट ओलं असतानाच खांब हलवणं सोपं असतं, वाळल्यावर प्रत्येक खांबाला पुन्हा खणावं लागतं. शेजाऱ्याला बोलवा आणि ठरवलेल्या खुणांपासून दोरी ताणून दोघांनी पाहा. कंत्राटदाराने खुणा सोडून काम केलं असेल तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने व्हायला हवी, म्हणून शेवटचा हप्ता कधीही आधी देऊ नका. खुणाच चुकल्या असतील तर तो भार दोघांचा. वीतभर जागा सोडून द्यायचं तुम्ही मनाने ठरवलंत तरी ‘कुंपण हद्दीच्या आत आहे, हद्द बदललेली नाही’ एवढं एक वाक्य लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, एकेक प्रत दोघांकडे ठेवा.